पिल्लाची आई

आमच्या आबांनी आयुष्यात एकदाच फसून जनावर घेतलं, आणि तेही माझ्यामुळे. ते जनावर माझ्या दोन तळहातांत मावत होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी धुळ्याच्या एका माणसाला बरंच बोलणार आहे. सगळं त्याच्या माथी मारून मी मोकळी झाले, असं वाचणाऱ्याला वाटायला नको.

आबा म्हणजे माझे वडील. मुक्ताईनगरकडच्या एका गावात आमची केळी आणि कापूस. पण आबांना लोक ओळखायचे ते बैलांमुळे. आजूबाजूच्या गावांतल्या कोणाला बैल घ्यायचा असला की तो आधी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि आबांना बाजारात घेऊन जायचा. आबा बैलाचा ओठ वर करून दात बघायचे, खूर उचलून बघायचे, मोकळ्या जागेत चालवून आणायला सांगायचे. गोऱ्हा असला तर मग त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "याची माय कुठी आहे?" विकणारा म्हणाला, आई दुसऱ्या गावी आहे, तर आबा म्हणायचे, "चाला मंग त्या गावाले." आणि खरोखर जायचे, उन्हातान्हात, कधी पायी. आईची कास, आईचे पाय, आईचा स्वभाव बघितल्याशिवाय त्यांनी कधी होकार दिला नाही. लहानपणी मला या प्रकाराची लाज वाटायची.

मग दारात ट्रॅक्टर आला, गोठा रिकामा झाला आणि आबांना कोणी बाजारात बोलवेनासं झालं. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे जळगावला आले आणि राहिले. शेती भाऊ बघतो. मी बँकेत नोकरी करते. लग्न केलेलं नाही, हे एवढ्यासाठीच सांगते की दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात आम्हा दोघांशिवाय तिसरं कोणी नव्हतं. मी सकाळी साडेनऊला निघायची ती संध्याकाळी सातला परत. तोवर आबा गॅलरीतल्या खुर्चीवर.

ऑपरेशन छान झालं होतं. त्यांना समोरच्या बिल्डिंगवरच्या टाकीचा आकडासुद्धा दिसायचा. पण बघण्यासारखं काही नव्हतं. बोलणं कमी झालं, मग जेवण. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी त्यांच्या जिवाची आवडती, तीही चतकोर मोडून ताट सारायचे. दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सध्या आजार काही नाही. पण माणूस असाच बसून राहिला तर फार दिवस काढणार नाही. त्यांना कोणाचं तरी करायला द्या." ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आई गेली तेव्हा मी ऑफिसात होते. आबांच्या वेळी तसं व्हायला नको होतं, आणि त्यांची वेळ इतक्यात यायलाही नको होती.

म्हणून कुत्र्याचं पिल्लू. फ्लॅटमध्ये मोठं जनावर जमणार नव्हतं, तेव्हा लहान जातीचं. मोबाइलवर एक जाहिरात सापडली. प्युअर पॉमेरियन, दोन महिने पूर्ण, लसी झालेल्या, धुळे. फोटो आबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून, मोबाइल लांब धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "बोंड फुटल्यावानी दिसतं." कित्येक महिन्यांत त्यांनी आपणहून म्हटलेलं ते पहिलं वाक्य होतं.

रविवारी मी गाडी काढली. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी झटकून घातली. बैलबाजाराला निघाल्यासारखे निघाले. वाटेत पारोळ्याच्या पुढे मला म्हणाले, "तू घाई करू नको. माय पाहू, बाप पाहू, दात पाहू, मंग बोलू." मी हो म्हटलं. माणसाला हुरूप आला होता, मी कशालाही हो म्हटलं असतं.

धुळ्यातलं ते घर चांगलं होतं. दारात तुळस, आत खोळी घातलेला सोफा. फिनेलचा वास मात्र इतका की डोळे चुरचुरले. आतल्या एका दाराला पडदा होता आणि त्याच्यामागून कुत्र्यांचा आवाज येत होता, भुंकण्यापेक्षा कण्हण्याच्या जवळचा. घरमालक पन्नाशीचा, हात जोडून बोलणारा. त्याने टॉवेल घातलेल्या टोपलीतून पिल्लू आणून आबांच्या मांडीवर ठेवलं. ते थरथरत होतं. आबांनी एका हाताने त्याला धरलं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा त्याच्या ओठाजवळ नेला.

तेवढ्यात तो माणूस अहिराणीत म्हणाला, "गाव कोनतं तुमनं, आबा?"

खान्देशात हा प्रश्न टळत नाही. दोन अनोळखी माणसं समोरासमोर आली की आधी गाव विचारतात, मग गावातली घरं, मग त्या घरांतल्या लेकी कुठे दिल्या ते. चहा निवेपर्यंत कुठला ना कुठला धागा सापडतोच. आबांनी गाव सांगितलं. त्यांची आत्या दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात दिलेली. त्या माणसाच्या आईचं माहेर तेच खेडं, तीच गल्ली, आणि भिंतीला भिंत लागून घर. त्याने उठून आबांचे पाय धरले. "तुम्ही तं घरनाच निंघनात," म्हणाला आणि आत हाक मारली.

मग काय विचारता. त्याची बायको पदर सावरत आली, मला कुंकू लावून ब्लाउजपीस दिला, आबांना टॉवेल-टोपी दिली. शेव-पोहे आले. आत्याचे यजमान किती तापट होते, त्यांनी विहिरीच्या कामात भावकीशी कसा वाद घातला, हे सगळं निघालं. आबा हसले. मी भरून पावले होते.

निघायच्या आधी आबांना आठवण झाली. पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "याची माय कुठी आहे?"

"तिले मळामा ठेयेल शे, आबा. आठे उनना तरास व्हस तिले," तो म्हणाला.

"मळा किती लांब? जाऊ की."

पडद्यामागे काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. आबांनी तिकडे बघितलं आणि सोफ्याच्या दांडीवर हात ठेवून उठायला लागले. त्या माणसाची बायको जमिनीकडे बघत होती. मला कानकोंडं झालं. कपाळावर ओलं कुंकू, मांडीवर ब्लाउजपीस, आणि आम्ही आता यांच्या घराची झडती घेणार की काय? मी आबांच्या गुडघ्यावर हात दाबला आणि हळू म्हटलं, "आबा, राहू द्या. घरचेच निघाले ते. बरं दिसत नाही."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग बसले. दात बघायचंही त्यांनी सोडून दिलं आणि पिल्लाचं डोकं कुरवाळत राहिले.

बँकेत मी लोकांचे कागद तपासते. एक सही कमी असली तरी पासष्ट वर्षांच्या माणसाला उद्या या म्हणून सांगते, आणि लोक मला पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. त्या दिवशी माझ्या हातात लसीचं कार्ड दिलं गेलं, त्यावर एक चिकटपट्टी आणि एक तारीख होती. डॉक्टरचा शिक्का नाही, सही नाही. जातीचा कागद मागून पाठवतो म्हणाला. मी कार्ड पर्समध्ये टाकलं आणि नमस्कार करून निघाले.

घरी आल्यावर आबांनी आधी पिल्लाला उंबऱ्यावर थांबवलं आणि अंगठ्याने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. नवा बैल आला की आई लावायची. जुन्या धोतराची घडी करून त्याला अंथरूण केलं. मी म्हटलं, नाव काय ठेवायचं? ते म्हणाले, "बारा दिवस होऊ दे. लेकराचं बी बाराव्या दिवशीच ठेवतो ना आपण." तीन दिवस मी ऑफिसातून आले की आबा दारातच गोष्टी सांगायला लागायचे. किती वेळा खाल्लं, कुठे घाण केली, लिफ्टमधल्या बाईंनी काय विचारलं. अख्खी भाकरी खायला लागले. मी मनातल्या मनात त्या डॉक्टरांचे आभार मानले आणि स्वतःचीही पाठ थोपटली.

चौथ्या दिवशी पिल्लाने खाणं सोडलं. दुपारी उलट्या आणि मग रक्ताचे जुलाब. आबांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज मला ओळखूच आला नाही. मी हाफ डे टाकून आले आणि आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर फटकळ होते. तपासणी करून म्हणाले, पार्व्हो, लस न दिलेल्या पिल्लांना होणारा रोग. कार्डावरची पट्टी उलटसुलट बघून त्यांनी ते टेबलावर टाकलं. मग पिल्लाचं तोंड उघडलं, बोटाने हिरड्या चाचपल्या आणि विचारलं, "कितीचं म्हणून दिलंय?"

"दोन महिन्यांचं," मी म्हटलं. "जातच लहान आहे ना, म्हणून एवढुसं दिसतं."

"जात लहान असली म्हणून दात उशिरा येत नाहीत फार. मागच्या दाढांचा पत्ता नाही. महिन्याचं आहे हे जेमतेम. आईच्या अंगावरून ओढून काढलंय. दोन महिन्यांच्या आत विकायचंच नसतं." मग ते आबांकडे वळले. "घेताना तोंड उघडून बघितलं नाही का, बाबा? शेतकरी दिसता."

आबांनी पिल्लाचं तोंड धोतराच्या सोग्याने पुसलं. मी बोलायला हवं होतं. त्यांना मी थांबवलं, हे एवढं एक वाक्य होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही, आणि डॉक्टरांच्या डोळ्यांत माझे आबा एक अडाणी म्हातारा म्हणून राहिले. आजही मला त्याचा राग येतो, स्वतःचा.

दोन दिवस सलाईन चाललं. पुढच्या पायाची शीर सापडता सापडत नव्हती. आबा दवाखान्याच्या बाकावर त्याचा पाय धरून बसायचे, म्हणजे सुई हलणार नाही. मी डबा न्यायचे तो तसाच परत आणायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी मी बँकेतून पोहोचले तेव्हा सलाईनची नळी काढलेली होती आणि आबा तरीही पाय धरून बसले होते. कंपाउंडर मला म्हणाला, "मॅडम, अर्धा तास झाला. ते सोडत नाहीत."

त्यांना ते जळगावात कुठे टाकायचं नव्हतं. आम्ही गावी गेलो. आमचे बैल जिथे पुरले आहेत त्या बांधावर आबांनी स्वतः खड्डा खणला, भावाला हात लावू दिला नाही. बारावा दिवस यायला अजून अवकाश होता. त्याला नाव मिळालंच नाही.

मी त्या माणसाला फोन केला. तो मुळीच गडबडला नाही. जळगावचं पाणी बाधलं असेल म्हणाला. मग आवाजात साखर घालून, "आपला मानसे शेतस म्हनीसन सांगस, बाई. दुसरं ली जा." हे मेलं तर दुसरं घेऊन जा म्हणे. मी फोन ठेवला. आबा गॅलरीतल्या खुर्चीवर बसून ऐकत होते. भाकरी पुन्हा चतकोरावर आली होती. ते म्हणाले, "चाल. मले त्याची माय पाहायची आहे."

मी म्हटलं, आता काय उपयोग. त्यांनी टोपी घातली.

या वेळी आम्ही न सांगता गेलो. तो घरी नव्हता. त्याच्या बायकोने दार उघडलं, आम्हाला बघून तिचा चेहरा उतरला, तरी सवयीने पाण्याचा तांब्या घेऊन आली. आबा म्हणाले, "पाणी नको." आमच्याकडे सोयऱ्याच्या घरचं पाणी नाकारणं म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळलं असणार. ती तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. आबा पडद्यापाशी गेले, पडदा सारला आणि कडी काढली.

पत्र्याची पडवी होती. केळी भरायचे प्लास्टिकचे क्रेट एकावर एक रचलेले, तोंडाला तारेची जाळी. प्रत्येकात एक कुत्री. उभं राहता येणार नाही एवढीच उंची. आमच्याकडे क्रेटमध्ये केळी भरतानासुद्धा खाली कागद अंथरतात, इथे तोही नव्हता. वरचीचं मूत खालचीच्या अंगावर. पांढरा रंग होता असं सांगावं लागेल, अशी पांढरी कुत्री सगळ्यात खाली होती. मानेवरचे केस गेलेले. तिच्यापाशी दोन पिल्लं, आमच्याच्या बरोबरची. त्यातलं एक हलत नव्हतं.

आबा खाली बसले. त्यांना गुडघ्यांमुळे बसता येत नाही, पण बसले. जाळी सोडवली आणि कुत्रीच्या तोंडाशी हात नेला. ती चावली नाही, भ्यालीही नाही, तिने नुसतं तोंड उघडू दिलं. आबांनी दात बघितले, पोट चाचपलं, लोंबलेले सड बघितले. वयाने ती फार नव्हती, पण समोरचे निम्मे दात पडले होते. जाळी चावून चावून, आबा म्हणाले.

"किती वेत झाले हिचे?"

"कोन मोजस, आबा," ती बाई म्हणाली. मग खूप खालच्या आवाजात, "मना हातमा काय शे?"

आबांनी जाळी पुन्हा लावली. कुत्रीला घेऊन जाऊ, असं मी म्हणाले नाही, त्यांनीही म्हटलं नाही. आम्ही तिला तिथेच ठेवून आलो. ही गोष्ट सांगितली की लोक मला हेच विचारतात.

गाडी धुळ्याबाहेर आल्यावर आबा म्हणाले, "पाच पावलं व्हती."

"काय?"

"सोफ्यापासून त्या दारापर्यंत. मी मोजली. पाच पावलं." आणि खिडकीबाहेर बघत राहिले. परगावी पायी जाऊन आई बघणारा माणूस. मला गाडी बाजूला घ्यावी लागली. मी रडले आणि त्यांना म्हटलं, "आबा, चूक माझी होती." ते म्हणाले, "तू लहान हायेस. मी कामून ऐकलं तुझं?" मी सत्तेचाळीस वर्षांची आहे.

मी पशुसंवर्धन खात्याकडे तक्रारीचा अर्ज लिहिला. दोन दिवसांत, कुठून कळलं कोण जाणे, आत्याकडच्यांचे भावाला फोन सुरू झाले. पाहुण्यावर अर्ज करते म्हणजे काय, शिकलेल्या बाईला नातं कळत नाही का. भाऊ म्हणाला, जाऊ दे. मी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. महिन्याभराने आबांनी विचारलं, "धाडला का?" त्यांनी अर्ज मागून घेतला, माझ्या सहीखाली स्वतःची सही केली आणि तिच्याखाली मोठ्या अक्षरांत आपलं गाव लिहिलं. तो मी त्याच दिवशी पाठवला. पुढे काय झालं, काही झालं का, आम्हाला कोणी कळवलं नाही. आत्याकडचं जाणं-येणं बंद झालं.

दवाखान्यातल्या त्या फटकळ डॉक्टरांनी या रोगाचे जंतू फरशीवर टिकतात, वर्षभर घरात पिल्लू आणू नका म्हणून बजावलं होतं. त्या वर्षात आबा बरेच वाळले. मी स्वयंपाकाला बाई लावली, पत्त्यांचा क्लब शोधला, काही लागू पडलं नाही. वर्ष झाल्यावर डॉक्टरांनीच पाचोऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकेचा पत्ता दिला. तिच्याकडे दोनच कुत्र्या, एकीला दोन वर्षांतून एखादं वेत. बाईंनी फोनवर मला तासभर उभं-आडवं विचारलं. घर कितव्या मजल्यावर, दिवसा कोण असतं, आधीचं कशाने गेलं, फरशी कशाने धुतली. पिल्लं जन्मलीही नव्हती तेव्हाची ही गोष्ट. मी चिडले. आबांना सांगितलं तर ते कान देऊन ऐकत होते. "अजून काय विचारलं?" म्हणाले.

पिल्लं दोन महिन्यांची झाल्यावर बोलावणं आलं. बाईंनी दार उघडलं, आबांना हात दिला आणि अगदी सहज म्हणाल्या, "या आबा. गाव कोणतं तुमचं?"

आबा उंबऱ्यातच थांबले. "गाव मंग सांगतो, ताई. आधी माय दाखवा."

बाई बाजूला झाल्या. आई हॉलमध्येच होती, खिडकीखाली उन्हात, आणि पिल्लं तिच्या अंगावर चढत होती. आबा तिच्याजवळ बसले. तिने त्यांचा हात हुंगला, मगच ओठाला हात लावू दिला. त्यांनी दात बघितले, सड बघितले, पाय बघितले. मग एकेक पिल्लू उचलून तोंड उघडून बोट घातलं. अर्धा तास गेला. मी सोफ्यावर बसून होते आणि या वेळी मी तोंड उघडलं नाही.

त्यांनी एक पिल्लू मांडीवर ठेवलं तेव्हा बाई समोर येऊन बसल्या. "आबा, हे चौदा-पंधरा वर्षं जगेल," त्या म्हणाल्या. "तुमच्यानंतर याला कोण बघणार?"

आमच्या घरांत वडीलधाऱ्या माणसासमोर असं कोणी बोलत नाही. वर्षभर मी त्याच एका विचारापासून पळत होते आणि या बाईने तो चहाच्या आधी काढून मध्ये ठेवला. मला उठून जावंसं वाटलं. आबांना मात्र काही वाईट वाटलेलं दिसलं नाही. वर्षभरात पहिल्यांदा ते मला सरळ बसलेले दिसले.

"बरोबर विचारलं," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला. "सांग ना. तुले विचारते ती."

"मी," मी म्हटलं. "आबांनंतर मी बघेन."